तिसरं भावंड

नाशिक,
११ फेब्रुवारी २०२५

आदरणीय राजानंदकाका,
सप्रेम जय भीम.

फोन न करता पत्र लिहिते आहे, राग मानू नका. फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो काका, हो काका' करते. सभेत भल्याभल्यांना तुमच्या मध्ये तोंड घालता येत नाही, मी तर तुमच्या खांद्यावर बसून जयंतीच्या मिरवणुका पाहिलेली पोरगी. कागदावर मात्र तुम्ही मला अडवू शकत नाही.

पप्पांच्या पुण्यानुमोदनाला तुम्ही मंडपात उभं राहून म्हणालात, "माझ्या भावाला कॅन्सरनं मारलं नाही. त्या बियाण्यांच्या कारखान्यानं मारलं." बाया रडल्या, पोरांनी घोषणा दिल्या. मला ना रडता आलं, ना घोषणा देता आली. पप्पांच्या आजारात सगळे कागद माझ्या हातात होते आणि त्यातल्या एकाही डॉक्टरनं हे वाक्य उच्चारलं नव्हतं.

ओढ्याचं पाणी गुलाबी होतं हे मीही पाहिलंय. बियाण्याला चोळायचं औषध आणि रंग धुऊन ते तसंच सोडतात. हा गुन्हा आहे. त्यावर तुम्ही लढा, मी वर्गणी मागत फिरेन. पण पप्पांचा स्वादुपिंडाचा कॅन्सर त्या ओढ्यातूनच आला, हे तुम्हाला कुणी सांगितलं? पप्पा रेल्वेत असल्यापासून बिडी ओढत होते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला या कॅन्सरचा धोका जवळजवळ दुप्पट. हे तुम्ही मंडपात बोलला नाहीत.

अजून एक. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं, घरात आणखी कुणाला हा आजार, किंवा कावीळ होऊन कुणी गेलेलं? मी दारात उभी होते. तुम्ही ताडकन म्हणालात, "आमच्या घराण्यात कुणाला नाही."

मग बेबी आत्या कशानं गेली? शहागडला, कावीळ होऊन? तुम्ही तिघं सख्खी भावंडं. त्यातली एक तुम्ही मोजलीच नाही. का?

तुमची,
भावना


(मु. पो. बदनापूरजवळ, गावाकडून)
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय भावना,
जय भीम.

तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग चिडलो, मग तुझ्या काकूला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगी तुमच्यावरच गेली. आता भोगा."

बिडीचं लिहितेस. अगं, गरीब मेला की आधी त्याचा खिसा तपासतात. खिशात बिडी सापडली की प्रकरण बंद. दारू सापडली तरी बंद. काहीच सापडलं नाही तर म्हणतात, अज्ञान होतं. ज्यानं विहिरीत विष सोडलं त्याचा खिसा कधी कुणी तपासलाय? मी चाळीस वर्षं व्यासपीठावर हाच एक प्रश्न विचारत आलो. तो आता माझ्याच पुतणीला विचारावा लागतोय.

ओढ्याकाठच्या पोरांच्या पायांना फोड आहेत. दोन म्हशी दगावल्या. शिवाजीदादा, तुझा बाप, त्याच काठच्या विहिरीचं पाणी आयुष्यभर प्याला. मी काय डोळे मिटून बसू?

अक्काचं म्हणशील तर ती दिल्या घरी गेली होती. तिकडचं पाणी, तिकडचं अन्न, तिकडचं आजारपण. डॉक्टरांनी आपल्या घराण्याचं विचारलं, मी आपल्या घराण्याचं सांगितलं. आणि कावीळ म्हणजे कावीळ. शहागडच्या लोकांनी तिला दवाखान्यात नेण्याऐवजी मुळ्यांची माळ गळ्यात घालणाऱ्याकडे नेलं, अंधश्रद्धेनं तिचा जीव घेतला. त्यावरही मी भाषण केलंय, तुला आठवत नसेल.

मार्चपासून गावोगाव सभा आहेत. एप्रिलअखेर ग्रामसभा, तिथं कारखान्याचा मॅनेजर आणि प्रदूषणवाले साहेब समोरासमोर येणार.

माझी प्रकृती फर्स्टक्लास. फिरून फिरून पोट उतरलं. पँट कमरेत राहीना, पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं. तुझी काकू म्हणते, लग्नातल्या फोटोसारखे दिसता. बसस्टँडजवळच्या शिबिरात साखर निघाली म्हणे. आयुष्यात कधी नव्हती, पण साठी आली की निघायचीच. कारल्याचा रस सुरू केलाय, कडू माणसाला कडूच औषध. पाठ जरा धरते, ती जीपगाड्यांतल्या बाकड्यांमुळे.

तुझा,
राजानंदकाका


नाशिक,
१० मार्च २०२५

आदरणीय काका,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मी विनोदासाठी वाचायला घेतलं आणि शेवटचा परिच्छेद तीनदा वाचला.

आधी शहागडचं सांगते. सुट्टी काढून गेले होते. आत्याचे यजमान आता नाहीत, पण तिची जाऊ चांगुणाबाई आहे. गोदावरीच्या पुलापलीकडे तिच्या नातवाचं टायर पंक्चरचं दुकान आहे, तिथंच खाटेवर बसून असते. मी नाव सांगितल्यावर म्हणाली, "शिवाजीची का गं तू? बेबीचं नाक हाय तुला. आन् इतक्या वर्सांनी आलीस? बेबी गेल्यावर तुमच्या घरचं कुनीच आलं न्हाई. तो भाषणवाला तर रस्त्यानं जीपमधून हात हालवून जातो."

मी विचारलं, आत्याला काय होत होतं.

"डोळे पिवळे. आंग खाजवून खाजवून रगत काढायची. पोटातून दुखणं निघायचं ते पाठीत जायचं. उताणं झोपता येत न्हवतं तिला. गुडघ्यावर बसून, उशी पोटाशी धरून, अशी वाकून झोपायची. वाळून काडी झाल्ती. कावीळवाल्याकडं नेलं, मंग बीडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डाक्टरनं सांगितलं, पोटात आत गाठ हाय, कावीळ तिच्यामुळं. घरी न्या."

"हे तुम्ही आमच्याकडे कळवलं नाही?"

"कळवलं की! तुझा बाप आल्ता. त्याला म्हणलं, गाठ हाय. तो म्हणला, कावीळच सांगा, क्यान्सर म्हणलं तर घरातल्या पोरींच्या सोयरिकी मोडतील." मग म्हणाली, "बिडी न्हवती वढत बेबी. मिसरी लावायची मात्र, दिवसातून चारदा. आम्ही समद्याच लावतो."

उशी पोटाशी धरून वाकून झोपणं. काका, पप्पा शेवटी तसेच झोपायचे. तुम्हीच त्यांच्या पाठीला तेल लावायचात.

मी प्राणीशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. म्हणून नाशिकच्या एका तज्ज्ञ बाईंना भेटले. त्यांचं म्हणणं मला समजलं तसं लिहिते. या कॅन्सरचं एकच एक कारण नसतं आणि बऱ्याच रोग्यांत तर कारण सापडतच नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी मात्र माहीत आहेत. तंबाखूचा धूर सगळ्यात वर. खाण्याच्या तंबाखूवर, मिश्रीवरही संशय आहे. वर्षानुवर्षं दारूनं किंवा आणखी कशानं सुजत राहिलेलं स्वादुपिंड. जास्तीचं वजन. जुना मधुमेह. वय. आणि रक्ताचं नातं. सख्ख्या भावंडांत दोघं या आजारानं गेली असतील, तर तिसऱ्याचा धोका कितीतरी पट होतो. शेतीतल्या औषधांबद्दल अभ्यास चालू आहेत, पण ठाम असं अजून कुणाला म्हणता येत नाही.

आता नीट वाचा. पन्नाशीनंतर, घरात कुणाला नसताना, अचानक साखर निघाली तर शंभरातल्या नव्याण्णवांना ती नुसती साखरच असते. पण त्याच्या जोडीला वजन उतरत असेल, पाठ धरत असेल आणि दोन भावंडं अशी गेली असतील, तर ती साखर म्हणजे आजारानं आधी पाठवलेला निरोप असू शकतो. तुम्ही पट्ट्याला भोक पाडून खूश झालात!

लगेच पोटाचा सीटी स्कॅन करून घ्या. उद्या. जालन्यात होतो.

तुम्ही आत्याला का मोजलं नाही ते तुम्हीच लिहिलंत. दिल्या घरी गेली. जयंतीला तासभर स्त्रीमुक्तीवर बोलणारा माणूस हे लिहितो? लग्नात गोत्र बदललं म्हणून रक्त बदललं का? आणि आपण तर गोत्रच मानत नाही! तिच्या शरीरानं आपल्याला आधीच सगळं सांगितलं होतं. आपण ते सासरचं समजून ऐकलं नाही. ती मोजली असती तर पप्पांची तपासणी लवकर झाली असती का, हा प्रश्न मला वर्गात, बसमध्ये, भाजी निवडताना छळतो.

भावना


२२ मार्च २०२५

प्रिय भावना,

जय भीम. तुझ्या पत्रातली शहागडची पानं मी काकूला वाचून दाखवली नाहीत.

दादानं अक्काचं मला कधीच सांगितलं नाही. आम्ही एका ताटात जेवायचो. असो.

गोत्राचं तू लिहिलंस ते बरोबर जागी लागलं.

पण स्कॅन आत्ता नाही. ग्रामसभेनंतर. कारण ऐक, मग रागाव. मी आज तपासायला गेलो आणि काही निघालं, तर तालुक्यात ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळेल. मॅनेजर उभा राहून म्हणेल, बघा, यांच्या रक्तातच रोग आहे, आमचा काय संबंध? चाळीस घरांची विहीर त्या एका वाक्यात बुडेल. फोड आलेल्या पोरांच्या आयांना मी काय सांगू? माझ्या घरातला एक कागद निघाला, तुम्ही प्या आता गुलाबी पाणी?

माझ्या पोटापेक्षा ओढा मोठा आहे. एक महिना थांब.

काका


गाव,
४ एप्रिल

भावना,

मी प्रभावतीकाकू. तुझ्या काकांच्या नकळत लिहून राह्यले. त्यांनी तुझं पत्र उशीखाली ठेवल्तं, मी वाचलं. मला काही सांगितलं न्हाई म्हणून त्यांना वाटतं मला काही दिसत बी न्हाई.

जेवण अर्ध्यावर सोडतात. परवा वाटूरला सभेत खुर्ची मागितली. तुझा काका आन् खुर्चीवर बसून भाषण! लोकांना वाटलं कायतरी नवीन पद्धत हाय, टाळ्या वाजवल्या. मी न्हाई वाजवली. घरी आल्यावर भिंतीला पाठ दाबून उभे राहतात, म्हणतात, जीपचं बाकडं.

मी म्हणलं, चला जालन्याला. तर म्हणले, "प्रभा, तू बी भावनासारखी झालीस का?" मी म्हणलं, व्हय झाले.

माझं ऐकत न्हाईत. तुझं ऐकतात, फक्त ऐकल्यालं दाखवत न्हाईत. जल्दी काही तरी लिही. गोड लिहू नको.

काकू


नाशिक,
९ एप्रिल २०२५

काका,

गोड लिहीत नाही.

तुम्ही म्हणता पोटापेक्षा ओढा मोठा. मग मला सांगा, तुम्ही गेल्यावर ओढ्यासाठी कोण बोलणार? मी? मी सभेत कधी उभी राहिलेली नाही. त्या आया? त्यांना तुम्ही अजून माईक हातात दिलेला नाही. मॅनेजरला घाई नाही, काका. तो वाट पाहू शकतो. तुमच्या पोटात जे काही असेल त्याला मात्र घाई आहे.

आणि तो काय म्हणेल याची भीती बाळगता? तो म्हणणारच आहे. पप्पांची बिडी अख्ख्या बदनापूर स्टेशननं पाहिली. शहागडला जाऊन चांगुणाबाईला विचारायला त्यालाही बसचं तिकीट मिळतं. तुमचा लढा पप्पांच्या मरणावर उभा केलात तर ज्या दिवशी ते मरण हलेल त्या दिवशी लढाही हलेल. तो पाण्यावर उभा करा. पाणी गुलाबी आहे. त्यासाठी कुणी मरायची गरज नाही. माणूस मेल्याशिवाय पाणी घाण ठरत नाही, हे आपल्याला कुणी शिकवलं?

तुम्हीच पोरांना शिकवता, खरं असेल ते समोरच्यानं काढायच्या आत आपण बोलावं. मग बोला.

आत्या गेली, पप्पा गेले. तिसरं भावंड मी घोषणांत घालवणार नाही.

भावना


गाव,
२९ एप्रिल

भावना,

ग्रामसभा झाली. ते सांगणार न्हाईत नीट, म्हणून मी लिहिते.

मॅनेजर तरणाच हाय, गोडगोड बोलणारा. म्हणला, "सर, तुमच्या बंधूंचं आम्हाला वाईट वाटतं. पण ते बिडी ओढायचे ना? आणि तुमच्या भगिनीही अशाच आजारानं गेल्या, असं ऐकलं." तू म्हणल्तीस तसंच. मागून कोणीतरी फिदीफिदी हासलं.

तुझे काका टेबलाला धरून उभे राह्यले. मंग म्हणले, "ओढत व्हता. माझा भाऊ बिडी ओढत व्हता. माझी बहीण बेबीनंदा मिसरी लावायची. तिला बी त्योच रोग व्हता आन् मी डाक्टरला तिचं नाव सांगितलं न्हाई, कारण ती दिल्या घरची. रोग आमच्या रक्तात असंल. उद्या सकाळी मी पोट तपासायला चाललो. निघालं तर ह्याच पारावर येऊन सांगीन."

मॅनेजर हसायला लागला, त्याला वाटलं जिंकलो.

काका म्हणले, "हासू नका साहेब, आता तुमचा नंबर. मी माझं रक्त तपासायला देतो, तुम्ही तुमचं पाणी द्या. आत्ता, समद्यांसमोर, कारखान्याच्या नळीखाली बाटली धरा. माझ्या रक्तात खोट निघाली म्हणून तुमचं पाणी निर्मळ व्हत न्हाई!"

बाई गं, काय गोंधळ झाला! मॅनेजरचा डायवरच टाळ्या वाजवू लागला, मंग मालकाकडं बघून हात खिशात घातले. ओढ्याकाठची मीना उठली, तिच्या पोराचे पाय फोडांनी भरल्यात, ती म्हणली, "बाटली माझ्याकडं हाय, चला." आन् समद्या बाया निघाल्या. परदूषणवाले साहेब मागं मागं. बाटल्यांना लाख लावून शिक्के मारले, सह्या केल्या.

काका न्हाई गेले. त्यांना चालवंना. पारावर मांडी घालून बसले, मी शेजारी. म्हणले, "प्रभा, माझ्याबिगर चालल्या की गं." रडत व्हते का हासत व्हते, मला कळलं न्हाई.

आम्ही उद्या सकाळच्या गाडीनं जालन्याला चाललो.

काकू


छत्रपती संभाजीनगर,
१७ जुलै २०२५

प्रिय भावना,
जय भीम.

तू आलीस, राहिलीस, डॉक्टरांशी भांडलीस, परत गेलीस. समोर असताना आपण दोघं फक्त इडलीच्या चटणीबद्दल बोललो. म्हणून पुन्हा पत्र.

जालन्याच्या स्कॅनमध्ये निघालेली गाठ केमोच्या फेऱ्यांनी आकसली आहे. मोठ्या रक्तवाहिनीला तिनं अजून विळखा घातलेला नाही, म्हणून कापता येईल असं सर्जन म्हणतात. या आजारात बहुतेकांना हे ऐकायलाच मिळत नाही, असंही म्हणाले. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. मोठं आहे, दिवसभराचं. पुन्हा उलटणार नाही असं वचन द्यायला तयार नाहीत. वचन न देणारा माणूस मला पहिल्यांदाच आवडला.

मी सर्जनना विचारलं, गाठ पाण्यानं झाली का? म्हणाले, माहीत नाही. पाण्यानं झाली नाही असं लिहून द्याल का? तेही म्हणाले, माहीत नाही. हे दोन शब्द मी चाळीस वर्षांत एकाही व्यासपीठावरून उच्चारले नाहीत. खाटेवर पडून त्यांचा सराव करतोय.

रक्ताचा अहवाल तू इथं असतानाच आला. एका जनुकात खोट आहे, आईबापाकडून आलेली. पाण्याचा अहवाल अजून आला नाही. मीना दर सोमवारी प्रदूषणवाल्यांच्या कार्यालयात जाऊन बसते. आता तिच्या सोबत पंधरावीस बाया असतात. मला कुणी विचारत नाही, काय बोलू म्हणून. बरं चाललंय त्यांचं.

आता मुद्द्याचं. डॉक्टर म्हणाले, ही खोट दादातही असण्याची शक्यता मोठी, आणि असेल तर ती तुझ्यात यायची निम्मी शक्यता. बायकांना तिच्यामुळे छातीचा आणि अंडाशयाचा कॅन्सरही होऊ शकतो, पण आधी कळलं तर वेळच्या वेळी तपासण्या करून पुष्कळ काही टाळता येतं. तुला हे माझ्या आधी माहीत असणार. तू प्राणीशास्त्र शिकवतेस.

तू मला इतकं लिहिलंस. शहागडला गेलीस, तज्ज्ञ बाईंना भेटलीस. माझं पोट, माझी साखर, माझा पट्टा. स्वतःच्या रक्ताबद्दल एक ओळ नाही. मी काकूला म्हणालो, तिनं तपासलं असेल, आपल्याला घाबरवू नये म्हणून लिहिलं नसेल. काकू म्हणाली, "न्हाई. ती घाबरलीय."

मी काकूशी वाद घातला. कोण जिंकलं ते कळव.

तुझा,
काका


नाशिक,
२१ जुलै २०२५

प्रिय काका,
जय भीम.

काकू जिंकली.

तज्ज्ञ बाईंनी मार्चमध्येच मला विचारलं होतं. मी म्हटलं, आधी काकांचं होऊ द्या. बरोबरच होतं ते शास्त्रानं, आधी ज्याला आजार आहे त्याचं रक्त पाहतात. पण तुमचा अहवाल येऊनही मी 'कॉलेजच्या परीक्षा आहेत' म्हणत राहिले. परीक्षा केव्हाच संपल्या. तुमच्यासाठी शहागडला जायला मला सुट्टी मिळत होती. माझी बाही वर करायची वेळ आली की मला अचानक पेपर तपासायचे असायचे.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. आज सकाळी रक्त देऊन आले. नर्सनं विचारलं, सोबत कुणी आहे का. म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग डोळे मिटा. मी मिटले नाहीत, सुई जाताना पाहिली.

निकालाला काही आठवडे लागतील. तोवर माझं शिकवणं असंच चालेल. वाक्य अर्ध्यावर सोडते, पोरं एकमेकांकडे बघतात. मला आत्ताच सगळं माहीत करून घ्यायचंय, आणि काहीच माहीत व्हायला नकोय.

बुधवारी रात्रीच्या गाडीनं निघते. ऑपरेशन सुरू होईल तेव्हा मी आणि काकू खालच्या बाकड्यावर असू. शुद्धीवर आल्या आल्या भाषण सुरू करू नका. टाके ताजे असतील आणि मला तुम्हाला उत्तर द्यायचं असेल.

तुमची,
भावना